अनमोड घाट आणि यशयाचा सहावा अध्याय

संत फ्रान्सिस झेवियरच्या यात्रेसाठी जुन्या गोव्याला चालत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फादरांनी गटातल्या प्रत्येकाला बायबलमधला एकेक शास्त्रपाठ वाटून दिला आणि तो कोणत्या मुक्कामी वाचायचा हेही चिठ्ठीवर लिहिले. माझ्या चिठ्ठीवर ‘मोले, रात्रीची प्रार्थना, यशया 6:1-8’ असे होते. मी थोडी खट्टू झाले. पौलाच्या पत्रांतले काहीतरी धीराचे, पाय ओढत चालणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडेल असे मिळाले असते तर बरे, असे वाटत होते. यशया संदेष्ट्याच्या दर्शनात वाट नाही, विसावा नाही, सोबतही नाही. यरुशलेमेतल्या मंदिरात एकटा माणूस आहे, त्याला जे दिसते ते तो सांगू लागतो आणि चार-पाच ओळींतच त्याचा धीर सुटतो.

खानापूरपासून आमच्या पुढे टेम्पो होता. त्यात अंथरुणे, पाण्याचे जार, झेंडूच्या माळा घातलेली सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, तसबीर आणि टपावर दोरीने बांधलेला एक कर्णा. गुंजी, लोंढा, रामनगर ही गावे मला आता वेगवेगळी आठवत नाहीत; लाल धूळ, ट्रकांचे हॉर्न, पहाटेची बोचरी थंडी आणि त्या कर्ण्यातून येणारी तीच ती गीते एवढेच एकत्र कालवलेले मनात आहे. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असला की कर्णा बंद असे, पण त्याचे पाचवे दशक संपून शेवटची ‘नमो राणी’ व्हायच्या आतच टेम्पोतला मुलगा पुन्हा बटण दाबी. माझी नणंद त्या गीतांबरोबर खड्या आवाजात, सुराची फारशी फिकीर न करता गात होती आणि गटातले सगळे तिच्यावर खूष होते. मला मात्र शांतता हवी होती. देवाच्या पावित्र्याविषयीचा पाठ वाचायचा आहे, त्यासाठी मनाची काही तयारी व्हायला नको का, असे म्हणून मी मुद्दाम गटाच्या मागे, आवाज जरा विरेल अशा अंतरावर राहू लागले.

मागे राहून मनातल्या मनात तो पाठ घोळवताना ध्यानात आले की यशयाच्या मंदिरातही शांतता नव्हतीच. सराफीम, म्हणजे सिंहासनाभोवतीचे देवदूत, एकमेकांना हाका मारून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात, आणि ते इतक्या मोठ्याने की उंबरठ्यांचे पाये हादरतात. वर सगळे घर धुराने भरून जाते. पावित्र्य म्हटले की मंद उजेड, वाकलेल्या माना आणि दबके आवाज असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे कुठून येते कोण जाणे. यशयाला जे सापडले ते कानठळ्या बसवणारे आणि डोळ्यांत जाणारे होते. हे कळले म्हणून कर्णा सुसह्य झाला असे मात्र नाही.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. प्रभूला उंच सिंहासनावर बसलेले पाहिले असे यशया म्हणतो, आणि त्यानंतर त्या बसलेल्याविषयी काहीच सांगत नाही. मुख नाही, हात नाहीत, वर्ण नाही. फक्त वस्त्राचे सोगे, आणि त्या सोग्यांनी मंदिर भरून गेलेले. शलमोनाने बांधलेले ते घर 60 हात लांब, 20 हात रुंद आणि 30 हात उंच होते, म्हणजे काही लहान खोली नव्हती. तेवढ्या जागेत वस्त्राच्या कडेखेरीज काही मावले नाही, तर वस्त्र केवढे आणि ते नेसलेला केवढा, हा हिशेब संदेष्टा वाचणाऱ्यावर सोडून देतो. सराफिमांना सहा पंख आहेत, पण उडण्यासाठी ते दोनच वापरतात. दोहोंनी तोंड झाकतात आणि दोहोंनी पाय. ज्यांनी कधी पाप केले नाही त्यांनाही तिकडे पाहवत नाही. आपण मात्र मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, दर रविवारी त्यांचेच गीत म्हणतो आणि म्हणता म्हणता चपला जागेवर आहेत ना, हे पाहून घेतो.

तिनईघाटाच्या आसपास, उन्हे डोक्यावर आल्यावर, उज्जीया राजा मनात आला. ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ अशी पाठाची सुरुवात आहे. आपण ती नुसती तारीख समजून पुढे जातो, पण त्या राजाची हकिकत ठाऊक असेल तर सारा अध्याय निराळा वाचला जातो. त्याने यरुशलेमेत 52 वर्षे राज्य केले, बुरूज बांधले, रानात विहिरी खोदल्या. त्याला शेतीची आवड होती असेही इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आले आहे. सामर्थ्य वाढल्यावर तो चढून गेला आणि याजकांचे काम स्वतः करण्यासाठी हाती धुपाटणे घेऊन मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणखी 80 याजकांना घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला आणि त्याने त्याला अडवले. राजा संतापला आणि संतापाच्या भरात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत राहावे, असा लेवीय पुस्तकातला नियम आहे. तो राजा मेला त्याच वर्षी यशयाला खरा राजा दिसतो, आणि त्याच्या तोंडून जे पहिले शब्द निघतात ते असे की मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. राजवाड्यात वावरणाऱ्या माणसाने स्वतःला कोड झालेल्यांच्या रांगेत नेऊन उभे केले. आधीच्या अध्यायात हाच माणूस शेताला शेत जोडणाऱ्यांवर, सकाळपासून मद्याच्या मागे लागणाऱ्यांवर, वाइटाला बरे म्हणणाऱ्यांवर एकामागून एक सहा वेळा ‘हाय हाय’ करून कोसळलेला आहे. सातवी ‘हाय’ त्याने स्वतःसाठी ठेवली.

त्याने ओठांचेच नाव का घेतले असावे, यावर मी बरेच अंतर काढले. हातांनी किंवा मनाने केलेल्या पापांची त्याला आठवण झाली नसेल असे नाही. मला वाटते, त्याने ते गीत ऐकले आणि ते आपल्याला म्हणता येणार नाही हे त्याला त्या क्षणी उमगले. ती नीतीची भीती नव्हती. ज्या गाण्यासाठी आपण घडलो तेच आपल्या तोंडात बसत नाही, याचे ते दुःख होते.

अनमोडचा घाट चढणीचा असता तर बरे झाले असते. उतारावर पंजे बुटांच्या टोकाला जाऊन आदळत राहतात. पहिल्या काही वळणांनंतर डाव्या अंगठ्याखाली चटका बसू लागला, आणि घाट संपून रस्ता जरा सपाट होईपर्यंत तिथे लिंबाएवढा फोड आला होता. उजव्या टाचेलाही एक, तो आधीच फुटलेला. गट पुढे गेला होता. नणंदेने दोनदा मागे वळून हाक मारली आणि मी दोनदा ‘आले’ म्हटले. जंगलातून जाणारा तो रस्ता दुपारी भट्टीसारखा तापतो, समोरून येणारा प्रत्येक ट्रक अंगावर धूळ टाकून जातो, आणि अशा वेळी मनात भक्तीचा लवलेश राहत नाही. मला फादरांचा राग आला, चिठ्ठीचा राग आला, घरी बसून ‘आमच्यासाठी प्रार्थना कर हं’ म्हणणाऱ्या सगळ्यांचा राग आला.

रस्त्याच्या कडेला एक घर होते. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, अंगणात तुळस, आणि पडवीत तांदूळ निवडत बसलेली एक वयस्क बाई. तिने मला लंगडताना पाहिले असावे, कारण मी काही विचारण्याआधीच ती सूप बाजूला ठेवून उठली आणि ‘बस हांगा’ म्हणाली. मी पायरीवर बसले. तिने बूट काढायला लावले, मोजा स्वतः सोलून काढला, कारण तो टाचेला चिकटला होता, आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. मला फार संकोच वाटला. अनोळखी बाई, वयाने मोठी, आणि पाय घामाने, धुळीने, रक्ताने बरबटलेला. मी तो मागे ओढू लागले तेव्हा तिने घोट्याला घट्ट धरून दटावले. गोव्याला चालत जाणाऱ्यांना साधे पायांत काय घालावे ते कळत नाही, दर वर्षी कोणी ना कोणी असेच येऊन पडते, असे ती तिच्या कोकणीत बराच वेळ बोलत राहिली. मग आत जाऊन तिने मीठ घातलेल्या कोमट पाण्याचे घमेले आणले आणि दोन्ही पाय त्यात बुडवून ठेवायला सांगितले.

पडवीच्या टोकाला चूल होती आणि तीवर पेज रटरटत होती. तिने डब्यातून गोधडी शिवायची जाड सुई काढली, चिमट्यात धरली आणि निखाऱ्यांत खुपसली. सुई लाल झाली, मग बाहेर हवेत काळी पडली. तिने तीत पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने काढला आणि दोऱ्याची दोन्ही टोके बोटभर बाहेर ठेवून तोडली, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहील आणि कातडी जागेवर राहील. मी ओरडले. वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून सराफिमांतल्या एकाने ओठांना लावला, त्यावर यशया ओरडला असे पाठात कुठे नाही. त्याने ओरडणे गाळले असेल असा माझा कयास आहे. त्या बाईला सराफिमाच्या जागी बसवण्याचा मोह मी तिथेच आवरला. तिला ते आवडले नसते, आणि तिला कामे होती. पण चुलीतल्या लाल निखाऱ्याकडे पाहताना हे मात्र लख्ख दिसले की उज्जीया ज्या अग्नीकडे हक्काने गेला तिथून तो बाहेर काढला गेला, आणि यशया जागचा हललाही नाही, तर तोच अग्नी उडत त्याच्याकडे आला.

हळद आणि खोबरेल तेल लावून, जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून तिने मला वाटीभर पेज आणि खारातली कैरी दिली. पैशांचे नाव काढताच ती रागावली. निघताना तिने कनवटीचे दहा रुपयांचे नाणे माझ्या हातावर ठेवले: सायबाकडे नातवाच्या नावाने मेणबत्ती लाव, त्याला बोलायला अजून येत नाही.

मोल्याला रात्रीच्या प्रार्थनेत माझा पाठ आला तेव्हा निम्मे लोक पेंगत होते. मी आठव्या वचनाशी थांबले नाही. मिस्सेतही हा पाठ बहुधा ‘हा मी आहे, मला पाठव’ इथेच संपवतात आणि मग सगळ्यांना छान वाटते. पण त्याला कशासाठी पाठवले ते पुढे आहे. लोक ऐकतील पण समजणार नाहीत, पाहतील पण त्यांना उमगणार नाही. कोठवर, असे यशया विचारतो, आणि उत्तर मिळते की नगरे ओसाड होईपर्यंत, घरांत माणूस उरणार नाही तोपर्यंत. दहावा हिस्सा राहिला तर तोही जाळला जाईल. शेवटी तोडलेल्या झाडाचा बुंधा राहतो आणि तो बुंधाच पवित्र बीज. तेराव्या वचनापर्यंत वाचून मी पुस्तक मिटले. कोणी काही बोलले नाही, फक्त नणंद अंथरूण घालताना म्हणाली की दमलेल्या माणसांना एवढे सगळे ऐकवायची काय गरज होती. मी तिला काही उत्तर दिले नाही, पण ज्याच्याकडे आम्ही निघालो होतो त्याचेच उदाहरण मला पुरेसे वाटत होते. भारतात पाठवायचा ठरलेला दुसरा मिशनरी आजारी पडला म्हणून ऐन वेळी फ्रान्सिस झेवियरला विचारले गेले आणि तो तयार झाला. 1541 मध्ये लिस्बन सोडले, 6 मे 1542 रोजी गोव्याला पोहोचला, आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत, वयाच्या 46 व्या वर्षी गेला. नाव आलीच नाही. चीनच्या मुख्य भूमीवर त्याचे पाऊल पडले नाही. आठव्या वचनावर थांबणाऱ्यांना हे मरण अपयश वाटेल.

धारबांदोडा, फोंडा, बाणस्तारीचा पूल. दोरा घातलेला फोड सुकला, टाच शेवटपर्यंत ठणकत राहिली.

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या रांगेविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सायबाचे शरीर ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे, आणि खालून जेवढे दिसते तेवढे दिसले. मिस्सेला मंडपात पाय टेकवेनात म्हणून मी फरशीवर बसून राहिले. ‘पवित्र’च्या आधीची प्रस्तावनेची प्रार्थना संपली, हजारो माणसे उभीच होती, आणि वाद्यवृंदाच्या कर्ण्यांतून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ सुरू झाले, इतके मोठ्याने की खालची फरशी थरथरली. माझ्या चहूबाजूंना साड्यांचे काठ, धुळीने माखलेल्या पँटी, एका लहान मुलीच्या झग्याची झालर. वर काही दिसत नव्हते. नणंद शेजारी उभी राहून, नेहमीप्रमाणे सूर सोडून गात होती. मी तिच्याबरोबर म्हणू लागले.

बाहेर मेणबत्त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त होती, वरचे पैसे मी घातले. बाईने नातवाचे नाव सांगितले नव्हते. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी, एवढेच म्हणून मी मेणबत्ती लावली. ती नीट उभी राहते न राहते तोच, जागा करण्यासाठी अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्या उपटून पत्र्याच्या डब्यात टाकणारा स्वयंसेवक तिच्यापाशी आला. मी त्याचा हात धरला आणि ही निदान पाच मिनिटे राहू दे म्हणून त्याच्याशी भांडले.