आठवड्याला आठ शब्द, त्याहून जास्त नकोत

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की आधी पाचशे शब्दांची यादी उतरवून घेतली जाते आणि चौथ्या दिवशी ती वही बंद होते. दोष यादीचा कमी, वेगाचा जास्त. आठवड्याला आठ शब्द घेतले तर वर्षाकाठी चारशेच्या वर होतात आणि ते बोलण्या-लिहिण्यात उतरायला वेळ मिळतो. वीस घेतले की तिसऱ्या आठवड्यापासून उजळणीच वेळ खाते.

शब्द वाचनातून घ्यावेत. वाचताना न थांबता पेन्सिलीने खूण करायची. आठवडाभरात पंधरा-वीस खुणा जमल्या की त्यातले आठ निवडायचे. दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेल्या शब्दाचा नंबर पहिला. नुसता भारदस्त वाटला म्हणून खुणावलेला शब्द खुशाल सोडावा. अभ्यासाचे, गंभीर लेख वाचणाऱ्यांनी आपली निवड अकॅडेमिक वर्ड लिस्टशी, म्हणजे अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीशी, ताडून पाहावी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या यादीत ५७० शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत.

खरी गोची अर्थ लिहिताना होते. एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहिला की काम झालं, असं वाटतं. आता ‘कमी करणे’ घ्या. रिड्यूस, मिटिगेट, अलीव्हिएट, कर्टेल या चौघांपुढे हाच अर्थ लिहिता येतो, आणि मग ‘मिटिगेट माय वेट’ असलं वाक्य तयार होतं. वजन रिड्यूस होतं. मिटिगेट धोक्याला, नुकसानीला किंवा परिणामांना लागतं, म्हणजे त्यांची तीव्रता उतरवणं. अलीव्हिएट वेदना आणि गरिबीसाठी. कर्टेलमध्ये कात्री लावण्याचा भाव आहे, म्हणून खर्च, अधिकार, स्वातंत्र्य हे कर्टेल होतात. थोडक्यात, शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो, तेव्हा प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करावं आणि त्यावर हे शेजारी, म्हणजे सोबत येणारे शब्द, लिहावेत.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द नको, जिथे तो भेटला ते वाक्य लिहायचं आणि शब्दाची जागा रिकामी ठेवायची. मागे तो शब्द, सोबत येणारे दोन-तीन शब्द, त्याची नाम-क्रियापद-विशेषण रूपं आणि त्याच्यानंतर कोणतं अव्यय (प्रिपोझिशन) येतं ते. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. मिटिगेटनंतर ‘अगेन्स्ट’ लावण्याची चूक सर्रास दिसते; ते अव्यय खरं तर मिलिटेटचं (विरोधात काम करणं). व्याख्येसाठी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, वापरावी. लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच बसवलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी तीन शोधत बसावं लागत नाही.

मात्र वरचे चार शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात. दिसायला सारख्या शब्दांचंही तेच: अ‍ॅव्हर्स आणि अ‍ॅडव्हर्स, इमिनंट आणि एमिनंट. पहिला पक्का झाल्यावर, महिनाभराने दुसरा आणायचा आणि तेव्हा त्यांची तुलना करायची.

एका धातूची कुळं त्या मानाने बरी, कारण अर्थ वेगळे राहतात. लॅटिनमध्ये ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं; त्यातून एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी. पण धातूवरून अंदाज बांधून मोकळं होऊ नये. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ लॅटिन पायाचा, पेडिअ‍ॅट्रिक्समधला ग्रीक मुलाचा. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, विशेषतः वासाने. आणि एनर्व्हेटचा अर्थ जोम देणं नसून जोम काढून घेणं आहे.

उच्चार कानाने ऐकूनच लिहा. केवळ डोळ्यांनी शिकलेला हायपर्बली ‘हायपरबोल’ होतो, एपिटमी ‘एपिटोम’. आघात देवनागरीत दिसत नाही, म्हणून ज्या अक्षरावर जोर आहे ते अधोरेखित करावं.

आठवड्याची आखणी साधी आहे. सोमवारी चार कार्डं, मंगळवारी चार, रोज पंधरा-वीस मिनिटं. बुधवारपासून नवं काही नाही. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी, आणि ती करताना कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचंच. नुसती नजर फिरवली की शब्द ओळखीचा वाटतो, पण लिहायला बसलं की आठवत नाही. रविवारी शंभर शब्दांचा एक उतारा लिहायचा, त्यात आठांपैकी तीनच वापरायचे. आठही कोंबले तर उतारा परीक्षेच्या गाइडमधून उचलल्यासारखा दिसतो.

तीनदा चुकलेलं कार्ड चौथ्यांदा घोकू नये, फाडावं. बहुधा त्यावरचं वाक्यच पुसट असतं, त्या जागी दुसरे चार शब्दही चालतात. नवं, नेमकं वाक्य शोधून कार्ड पुन्हा करा. तरीही बसलं नाही, तर त्या शब्दाला वाचनात पुन्हा भेटेपर्यंत रजा द्यावी.