१२ व्होल्ट दिसत होते, प्लग मात्र तापत नव्हते

गाडी जुनी, चार सिलिंडरची, प्रीचेंबरवाली डिझेल (म्हणजे सिलिंडरच्या वर एक छोटी खोली असते, डिझेल आधी तिथे पेटतं). दुपारी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. सकाळी मात्र बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला तरी दाद द्यायची नाही. मालकांनी बॅटरी बदलली होती, थंड इंजिन सुरू करण्याआधी प्रीचेंबर तापवणारे चारही हीटर प्लग नवे टाकले होते. आता डिझेल पंप उतरवायचा सल्ला मिळाल्यावर ते पार वैतागून माझ्याकडे आले.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. गरम इंजिनवर या तक्रारीचा तपास करण्यात काही अर्थ नसतो. सकाळी सेल्फ मारला तर सायलेन्सरमधून पांढरा धूर. तेवढ्यानेच मला हायसं वाटलं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते आत पोचतंय, पेटत नाहीये. पंपाला हात लावायचं कारणच नव्हतं.

चारही प्लगांना जोडणारी धातूची पट्टी सोडून एकेक प्लग मीटरने पाहिला. चारही एक ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत. येणाऱ्या वायरवर चावी फिरवताच १२ व्होल्ट. डॅशवरचा कॉइलचा (हीटर प्लगचा) दिवाही लागून वेळेवर विझत होता. बहुतेक तपास इथेच थांबतो आणि इथेच फसतो. या गाडीत तो दिवा टायमरवर चालतो. प्लग तापला की नाही, हे त्याला कळत नाही. आणि सुट्या वायरला मीटर लावला तर करंट जवळपास वाहतच नाही, त्यामुळे मधला सांधा कितीही कुजका असो, व्होल्टेज पूर्ण दिसतं.

पट्टी परत बसवली, चावी फिरवून चारही प्लगांना करंट ओढू दिला आणि पुन्हा मीटर धरला. साडेपाच व्होल्ट! बॅटरीवर तेव्हा ११ च्या वर होते. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता साधारण चौथाईवर येते. एवढ्यात थंडगार प्रीचेंबर कसला तापणार?

मग बॅटरीच्या दिशेने मागे मागे सरकत गेलो. रिलेच्या (प्लगांचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) अलीकडे-पलीकडे फरक नगण्य. पट्टी फ्यूजच्या (नटांनी आवळलेल्या धातूच्या पट्टीच्या फ्यूजच्या) दोन टोकांत मात्र हरवलेलं सगळं व्होल्टेज अडकलेलं. झाकण काढलं. वरून पाहिलं तर पट्टी अखंड, पण नट काढल्यावर खाली काळीनिळी पडलेली, आणि भोकाच्या कडेला केसाएवढी चीर. मालकांना टॉर्च मारून दाखवली तेव्हा ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

टोकं घासून साफ केली, त्याच रेटिंगचा फ्यूज टाकला. (तिथे तार गुंडाळायचा मोह कृपा करून कोणी करू नका. एखादा प्लग शॉर्ट झाला तर वायरिंग पेटतं.) वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर सुरुवातीला ५० च्या वर अँपिअर, मग आकडा हळूहळू उतरत गेला. प्लग तापताना हे असंच दिसायला हवं. सेल्फ मारला, धुराचा एक झोत आला आणि इंजिन लागलं.

काढलेले जुने प्लग मालकांनी डिकीत ठेवले होते. तेही तपासले. एकाची कॉइल खरंच तुटलेली होती, बाकीचे तीन ठणठणीत. ते जपून ठेवा म्हणून सांगितलं.