हेदवी ते तवसाळ: सड्यावरचं पंक्चर आणि वाटेत ट्यूब कशी बदलावी

कोकणच्या किनाऱ्याने बाइकवर निघणारे राहायची सोय बघतात, जेट्टीच्या वेळा विचारून घेतात, मासे कुठे चांगले मिळतात तेही ठाऊक असतं. पंक्चरचं मात्र "वाटेत मिळेल कोणीतरी" यावर सोडून देतात. मुंबई-गोवा महामार्गावर ते चालून जातं. किनाऱ्याच्या रस्त्यावर दोन गावांमध्ये लांबच लांब सडा, म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार, लागतो. तिथे दुकान नाही, सावली नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. ट्यूबवाली गाडी असेल तर ट्यूब बदलायला आलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असे गेलो. बागमांडल्याला गाड्या फेरीबोटीत घालून वेसवीला उतरलो आणि केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळला पोचलो. तिथून पुन्हा बोटीने धोपावे आणि पुढे गुहागर. माझी जुनी ४११ सीसी रॉयल एनफिल्ड हिमालयन, म्हणजे तारांची चाकं आणि आत ट्यूब. मेहुण्याची यामाहा एफझेड, ट्यूबलेस, म्हणजे टायरमध्ये वेगळी ट्यूब नसलेली.

हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन तवसाळच्या जेट्टीकडे निघालो. सड्यावर एका वळणात गाडीचा मागचा भाग चिखलावरून गेल्यासारखा सरकायला लागला. ही मागच्या चाकाची खूण. पुढचं चाक बसलं तर हँडल जड होतं आणि एका बाजूला ओढतं. दोन्ही वेळा एकच करायचं: ॲक्सिलरेटर सोडायचा, हँडल सरळ धरायचं आणि हवा गेलेल्या चाकाचा ब्रेक मारायचा नाही. दुसऱ्या चाकाच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करायचा. "चला, जेट्टीपर्यंत नेऊ" हा मोह तर नकोच. हवा नसली की टायर रिमवर फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. मग ती ट्यूब पॅच मारण्याच्याही लायकीची राहत नाही.

रस्त्यालगत एका घराचं अंगण होतं. आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "पंक्चर काय? आत घ्या गाडी, उन्हात कशाला करताय!" त्यांनी जांभ्याचा एक चपटा तुकडाही आणून दिला. मोकळ्या लाल मातीत मेन स्टँड रुततो, म्हणून खाली दगड हवाच.

एक्सलचा नट आधी सैल केला, मग गाडी स्टँडवर घेतली. चेन ॲडजस्टरच्या खुणांचा आणि दोन्ही बाजूंच्या बुशांचा (एक्सलवरच्या नळकांड्यांचा) फोटो काढून ठेवा, जोडताना फार उपयोग होतो. चाक पुढे ढकलून चेन उतरवली, एक्सल ओढला, चाक हातात आलं. चाक बाहेर असताना मागच्या ब्रेकच्या पेडलवर चुकूनही पाय पडू देऊ नका, कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात.

टायरची कड रिमपासून सोडवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. व्हॉल्व्हची पिन आणि नट काढून चाक आडवं ठेवलं, डिस्कची बाजू वर. एफझेडचा साइड स्टँड टायरवर, रिमला अगदी खेटून टेकवला आणि मेहुण्याने गाडीचा भार त्यावर दिला. कड सुटली. मग टायर लिव्हर (कड उचलायचे चपटे दांडे) व्हॉल्व्हजवळून घालायचे आणि एका वेळी थोडाच घास घ्यायचा. समोरच्या बाजूची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की इकडे ढिलाई मिळते. लिव्हरला फार ताकद लागते आहे, याचा अर्थ समोरची कड वर आली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्यूब निघाली की लगेच नवी घालायची नाही, टोचलं काय ते आधी शोधायचं. जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आजोबांनी दिलेल्या घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे दिसले. ट्यूब टायरवर होती तशीच धरून ती जागा टायरवर हेरली. आत बोटं फिरवू नका, सुती फडकं फिरवा, धागा अडकतो. आमच्या टायरमध्ये गंजलेला खिळा होता, डोकं झिजून रबराच्या पातळीत गेलेलं. बाहेरून तो दिसलाच नसता.

नव्या ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरती हवा भरून ती आत बसवली, कडेला साबणाचं पाणी लावलं. टायर चढवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचा हातभर भाग अवघड जातो आणि नवी ट्यूब लिव्हरने चिमटून फाटते ती तिथेच. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. चेनचा ताण तपासा, नट आवळा आणि निघण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबून पकड आल्याची खात्री करा.

सामान: दोन-तीन लिव्हर, एक्सलच्या नटाच्या मापाचा पाना (माप घरीच बघा), पायाने मारायचा पंप, प्रेशर गेज, पॅच आणि सोल्यूशन. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ इंची. गावाकडच्या दुकानांत १७-१८ इंची ट्यूब मिळू शकते, २१ ची आशा धरू नका. जागा एकाच ट्यूबची असेल तर २१ ची घ्या, अडचणीत ती मागच्या चाकातही तात्पुरती चालते. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) घालू नका, नंतर पॅच चिकटत नाही. ट्यूबलेसवाल्यांना आरी, भोकात भरायच्या रबरी पट्ट्या आणि पंप पुरे, त्यांना चाक काढावंच लागत नाही.

गुहागर सोडण्यापूर्वी हवा तपासून घ्या. त्या भागात गॅरेज हवं असेल तर शृंगारतळीच्या बाजारपेठेत बघा. तवसाळ-जयगड बोट चुकली तर राई-भातगाव पुलावरून शास्त्री नदी ओलांडता येते, वळसा मोठा पडतो. आम्हाला बोट मिळाली. रत्नागिरीत जुन्या ट्यूबला पॅच मारून घेतला आणि ती स्पेअर म्हणून बॅगेत ठेवली.