पायांना किती गुण द्यायचे?

मणक्याला इजा झाली तेव्हा डॉक्टरांनी कापूस आणि टाचणी घेऊन माझ्या अंगाचा तक्ता भरला होता. दोन्ही बाजूंच्या २८-२८ जागी स्पर्श आणि टोचणी कळते का, याला ० ते २ गुण. १०-१० प्रमुख स्नायूंच्या ताकदीला ० ते ५. माझी संवेदना बेंबीच्या पातळीवर, म्हणजे डॉक्टरी भाषेत टी-१० ला संपते, हे त्या एका कागदावरून कुठल्याही देशातल्या डॉक्टरांना कळेल, इतकी ती पद्धत नेमकी आहे.

गेल्या महिन्यात मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी देहप्रतिमेची प्रश्नावली घेऊन घरी आली, तेव्हा तो तक्ता आठवला. स्वतःच्या शरीराबद्दलचे समाधान गुणांत मोजण्याची पद्धत जुनी आहे. सेकॉर्ड आणि जुरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये केस, नाक, खांदे यांपासून पचनापर्यंत ४६ बाबींची यादी करून प्रत्येकीला १ ते ५ गुण द्यायला सांगितले होते. हिच्या कागदावरही पाय होतेच. ज्यांना हात लावलेला मला कळत नाही, पण जे मधूनच आपणहून ताठरतात आणि फूटरेस्टवरून घसरतात, त्यांच्या दिसण्याबद्दल मी समाधानी आहे का? दिसायला ते बारीक झाले आहेत, एवढेच. मला खरी लाज वाटते ती लघवीची पिशवी गळून चारचौघांत पँट ओली होण्याची, आणि त्याविषयी एकही प्रश्न नव्हता.

त्या मानाने २०१५ सालची, दहाच विधानांची बॉडी अप्रिसिएशन स्केल-२ ही प्रश्नावली मला बरी वाटते, कारण ती अवयवांची झडती न घेता शरीराविषयीचा आदर विचारते. तिच्यात आपल्या शरीराच्या गरजांकडे लक्ष देण्याविषयी एक विधान आहे. मी रोज रात्री कुशीवर वळून हातातल्या आरशात माकडहाड आणि टाचा पाहतो (चेहरा पाहायचा मात्र कित्येकदा राहून जातो). लालसर डाग दाबल्यावर फिका पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणे बंद. म्हणजे ५ पैकी ५. पण हे लक्ष शरीरावरच्या मायेपोटी नसून बेडसोअरच्या, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेच्या धास्तीपोटी आहे. चालत्याफिरत्या माणसाचे ५ आणि माझे ५ एकत्र करून सरासरी काढली, तर ती नक्की कशाची सरासरी, असे मी त्या विद्यार्थिनीला विचारले.

तिने कागद बाजूला ठेवला आणि तो आरसा पाहायला मागितला.