आगरतळा: दीपा कर्माकर जिथे घडली, त्या गावी

आगरतळ्याला लोक राजवाडे बघायला जातात, आम्ही गेलो व्यायामशाळा बघायला. लेक जिम्नॅस्टिक्स शिकते आणि दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हे ठरवायचा हक्क यंदा तिचा होता. तिने ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं गाव मागितलं, म्हणजे त्रिपुराची राजधानी. "एवढ्या लांब जाऊन बघायचं काय?" हा घरातल्या मोठ्यांचा प्रश्न रास्तच होता.

जाणं वाटतं तितकं अवघड नाही. पुणे-मुंबईहून कोलकाता गाठायचं, पुढे तासाभराचं विमान. ते बांगलादेशावरून उडतं म्हणून इतक्या लवकर पोचतं. रेल्वे आसामचा मोठा वळसा घालून येते. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून साप्ताहिक वातानुकूलित गाडी आहे, पण दोन दिवसांहून जास्त प्रवास आहे, लहान मूल बरोबर असेल तर विचार करा. ईशान्येतल्या काही राज्यांत शिरायला इनर लाइन परमिट हा परवाना लागतो, त्रिपुराला तो लागत नाही. महाराजा बीर बिक्रम विमानतळाची नवी इमारत 2022 मध्ये सुरू झाली, तिथून शहर साधारण 12 किलोमीटर. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे दिवसाची आखणी आपल्या घड्याळाने करू नका, लवकर निघा.

शहरात फिरायला ई-रिक्षा भरपूर. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकनंतर सचिन तेंडुलकरच्या हस्ते मिळालेली बीएमडब्ल्यू दीपाने परत केली होती, कारण गावात तिचं सर्व्हिस सेंटर नव्हतं आणि रस्तेही त्या गाडीजोगे नव्हते. गल्लीबोळांतून ई-रिक्षाने हिंडताना आम्हाला तिचा निर्णय अधूनमधून पटत होता.

आता मुख्य गोष्ट. विवेकानंद व्यायामागार आणि नेताजी सुभाष रीजनल कोचिंग सेंटर ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिल्या ठिकाणी दीपाची सुरुवात झाली, दुसऱ्या ठिकाणी ती मोठी झाली. ही पर्यटनस्थळं नाहीत. तिकीट नाही, फलक नाही, गाइड नाही. मुलं सराव करत असतात आणि आपण मध्येच उगवलेले पाहुणे असतो. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कोचना सांगून, जिल्हा संघटनेमार्फत विचारणा करा. आत गेल्यावर चपला बाहेर, फोन खिशात. मुलांचे फोटो तर अजिबात नको. आणि कोणी व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन साधनावरून घ्यायच्या उडीच्या, धावपट्टीवर उभं असेल तेव्हा बोलू नका. त्या क्षणी बिचकलेलं मूल मानेवर पडू शकतं.

दीपाची गोष्ट मला ऐकून माहीत होती. 1993 चा जन्म, सहाव्या वर्षी सुरुवात, वडील दुलाल कर्माकर भारतीय क्रीडा प्राधिकरणात (साई) वेटलिफ्टिंगचे कोच. पोरीला खेळात घालायचं त्यांच्या मनात पक्कं होतं, तिला स्वतःला फारशी हौस नव्हती. शिवाय तळपाय सपाट. जिम्नॅस्टला उडी घ्यायला आणि लँडिंग पेलायला तळव्याची कमान लागते. आजच्या कुठल्याही निवड चाचणीत ही मुलगी पहिल्याच फेरीत घरी गेली असती. सोमा नंदींनी तिला आधी शिकवलं, मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदींनी. पावलांवरच कितीतरी मेहनत गेली. व्हॉल्टसाठी धड साधन नव्हतं, तेव्हा स्कूटरच्या जुन्या भागांपासून जुगाड केला होता. पहिल्या स्पर्धेला मापाचा पोशाखही तिच्याकडे नव्हता, उसना आणलेला ढगळ होता.

पण गावात गेल्यावर ध्यानात येतं की ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. 1960च्या दशकात दलीप सिंग नावाचे कोच इथे आले आणि त्यांनी या खेळाचं बी रुजवलं. इथले जिम्नॅस्ट मंटू देबनाथ यांना 1975 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, कल्पना देबनाथ यांना 2000 चा. बिश्वेश्वर नंदी स्वतः दलीप सिंगांच्याच हाताखाली तयार झाले. म्हणजे दीपा सहा वर्षांची असताना गावात या खेळाचं तीसेक वर्षांचं शिक्षण मुरलेलं होतं. आपण पालक मुलांच्या अंगात 'टॅलेंट' शोधत बसतो. शोधायचा असतो तो शिकवणारा.

आम्ही पाहिला तो तास तर कंटाळवाणा म्हणावा असा. एक छोटी मुलगी तेवढ्या वेळात फक्त धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय एकदम टेकवत होती. उडी नाहीच. कोच दर वेळी एकच शब्द बोलायचे आणि ती मागे वळायची. माझी लेक, जी आपल्या क्लासमध्ये "आज पण तेच?" म्हणून कुरकुरते, ती भिंतीला टेकून एकटक बघत होती.

दीपाच्या बाबतीत निकालही असेच दमाने आले. जलपाईगुडीची ज्युनियर नॅशनल जिंकली, पण 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पदक नाही. 2011 च्या राष्ट्रीय खेळांत पाच सुवर्णं. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टचं कांस्य आणि 2016 ला रिओ, तिथे 15.066 गुणांनी चौथी. कांस्यपदक 0.150 ने हुकलं. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग उत्तेजक चाचणीवरून 21 महिन्यांची बंदी. हेही मुलांना सांगावं, गाळू नये. 2024 मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण जिंकून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली.

दीपा ज्यासाठी ओळखली जाते त्या प्रोदुनोव्हा या अवघड व्हॉल्टबद्दल एक सूचना. रिओचा तो व्हिडिओ मुलं पुन्हा पुन्हा बघतात आणि गादीवर करून बघायला जातात. हात टेकून उलटल्यावर (हँडस्प्रिंग) हवेत पुढच्या बाजूला दोन कोलांट्या, आणि उतरताना जमीन दिसत नाही. दीपाने तो एकावर एक रचलेल्या मॅटवर उतरत शिकला, तोही कित्येक वर्षांचा पाया पक्का झाल्यावर. रिओच्या वेळी त्याची काठिण्यपातळी, म्हणजे अवघडपणासाठी मिळणारे गुण, 7.0 होती, 2017 पासून ती 6.4 वर आणली. धोका तेवढाच, मोबदला कमी. लेकीला हे आकडे दाखवले तेव्हा ती गप्प झाली; पटलं की नाही, देव जाणे.

बाकी आगरतळा निवांत आहे. उज्जयंत राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. बांगलादेशाची आखौरा सीमा शहराला अगदी लागून आहे, तिथला संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा सुरू असेल तर मुलांना आवडतो. तळ्यातला नीरमहाल आणि त्रिपुरातल्याच उदयपूरचं त्रिपुरसुंदरी मंदिर सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतात. मात्र ऐन दिवाळीत मंदिरापाशी मोठी जत्रा भरते, गर्दी नको असेल तर दोन दिवस मागेपुढे करा. तिथला पेढा आवर्जून घ्या. जेवणात मासे सर्वत्र, शाकाहारींनी 'निरामिष' असं सांगून मागवावं. बंगाली येत नसलं तरी हिंदीवर काम भागतं. डोंगरात कोरलेल्या शिल्पांचं उनाकोटी मात्र याच फेरीत कोंबू नका, ते जवळपास 180 किलोमीटरवर आहे. आगरतळ्याहून सकाळची रेल्वे पकडून तिकडे मुक्कामालाच जावं.