पाचव्या दिवसाचं पाणी

सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलातल्या एका गल्लीत आठवड्यात डेंग्यूचे चार पेशंट निघाले, म्हणून सकाळी आठलाच आशाताई आणि फवारणीवाल्याला घेऊन मी घरोघर फिरत होते. तिसऱ्या घरात एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. दारामागे दोनशे लिटरचं निळं बॅरल. वर फडकं बांधलेलं, पण तांब्या बुडवायला एका बाजूनं सैल. आत बॅटरी मारली. अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकलेल्या. उजेड पडला तशा वळवळत तळाला गेल्या.

"अक्का, आठवड्यातनं एकदा हे पूर्ण रिकामं करायचं. कोरडा दिवस पाळायचा," मी पाठ झालेलं वाक्य म्हटलं.

हातातला दोरा न सोडता त्या म्हणाल्या, "पाणी पाचव्या दिवशी येतंय डॉक्टरबाई. कधी सहाव्या. रिकामं केलं तर प्यायचं काय?"

माझं एमबीबीएस सेवाग्रामचं. पहिल्याच वर्षी अख्खी बॅच पंधरा दिवस दत्तक गावात राहायला नेली होती. इंजेक्शन धरायला शिकायच्या आधी आम्ही विहिरी आणि उकिरडे मोजले. कॉलेज 1969 साली काढलं डॉ. सुशीला नय्यर यांनी. आमच्या वेळी त्या बऱ्याच थकल्या होत्या, पण सगळ्यांच्या 'बडी बहेनजी'च. आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजी-कस्तुरबांची दुखणीखुपणी बघितलेली ही डॉक्टर पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकली, 1952 ला दिल्ली राज्याची आरोग्यमंत्री झाली आणि 1962 ते 1967 देशाची. चांगली डॉक्टर राजकारणात कशाला पडली, असं तेव्हा आम्ही मेसमध्ये बसून शहाणपणानं बोलायचो.

त्या बॅरलपुढं ते आठवलं. अळ्या माझ्या खात्याच्या, पाणी दुसऱ्या खात्याचं, बॅरल अक्कांचं. तिघांना एका टेबलाशी बसवायचं तर डॉक्टरची सही पुरत नाही.

दुपारी चावीवाल्याला, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्याला गाठलं. हिशेब सोपा होता. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठवडा तरी जातो, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी घासलं तरी चक्र तुटतं. पण घासायलाच हवं. अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन्महिने टिकतात. तेव्हा कोरडा दिवस राहू दे, पाणी यायच्या आधीचा कोरडा तास पुरे. फक्त तो तास कळला पाहिजे.

"वरनं लाईन आल्याशिवाय मलाच कळत नाही, मॅडम," चावीवाला म्हणाला. बऱ्याच चहानंतर ठरलं, चावी फिरवायच्या तासभर आधी त्यानं आशाताईंना फोन करायचा. वेळ पक्की करा म्हणून वर पत्रही दिलं. त्याला आवक नंबर पडलाय.

फोन आला रात्री दीडला. मीही गेले. गल्लीत दारं वाजत होती. अक्कांनी तळाचं पाणी धुण्यासाठी फडक्यातनं बादल्यांत गाळलं, बॅरल आडवं केलं आणि सून काथ्या घेऊन कमरेपर्यंत आत शिरली. नळ फसफसायला लागला तशी अक्कांनी ते फडकं माझ्यापुढं धरलं. अळ्यांनी काळंभोर.

"घ्या डॉक्टरबाई, तुमचं तुम्ही घेऊन जावा."