पाय काढला तरी चाक सुटेना

शुक्रवार, रात्री

आज गाडीने दोन उलटसुलट तक्रारी एकदम केल्या. ब्रेक दाबला की नाक क्षणभर उजवीकडे जातं. पाय काढून पुढे निघालो की स्टिअरिंग डावीकडे ओढ घेतं. परत आल्यावर पुढच्या दोन्ही डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्यांवर, इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. डावी १६० अंश सेल्सियसच्या पुढे, उजवी ७० च्या आत. डाव्या चाकाजवळ वाकलं की तो करपट वास, ओळखीचा.

नुसता डावा ब्रेक पकडून राहत असता, तर मी सरळ कॅलिपरला, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, दोषी धरलं असतं. पण मग दाबताना उजवीकडे का? उजवा आधी लागतो म्हणून. म्हणजे डावीकडे दाब उशिरा पोचतो आणि पोचला की परत फिरत नाही. जाताना अडणार, येतानाही अडणार, अशी जागा वाटेतच कुठेतरी हवी. माझा संशय रबरी होजवर, कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळीवर आहे. उद्या पाहू.

झोपण्याआधी पेडलच्या दोन चाचण्या उरकल्या. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा मारलं, मग दाबून धरून इंजिन सुरू केलं. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे सर्वो, पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. तसंच मिनिटभर दाबून ठेवलं तरी हळूहळू खाली बसत गेलं नाही, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या मास्टर सिलेंडरचे सील दाब धरतायत. पेडल स्पंजीही नाही, तेव्हा लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता कमी.

शनिवार

मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढून गाडी उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी कधीच हात घालत नाही. पेडल जोरात दाबून सोडलं. उजवं चाक हाताने गरगर फिरलं. डावं जाम.

माझ्या गाडीत पुढची दोन्ही चाकं एकाच सर्किटवर आहेत, त्यामुळे या एका गोष्टीनेच मास्टर सिलेंडर संशयातून बराचसा सुटला. त्याच्या पुशरॉडला, पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला, थोडी ढील लागते. ती नसेल तर ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलंच राहतं, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. पण मग दोन्ही चाकं आवळली असती.

पुढची चाचणी क्रमाने करायची, कारण क्रम चुकला की उत्तर हातून जातं. आधी होजच्या वरच्या टोकाला, धातूची नळी जिथे जोडते तिथला नट जरा सैल केला. दोन थेंब आले, चाक जामच. मग नट आवळून कॅलिपरवरचा ब्लीडर, हवा काढायचा स्क्रू, सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. वरून वाट मोकळी करून दाब गेला नाही, खालून गेला. अडथळा या दोन जागांच्या मध्ये, आणि मध्ये होजशिवाय दुसरं काही नाही. ब्लीडर उघडूनही चाक जाम राहिलं असतं, तर मात्र पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन गंजून अडकल्याचा अर्थ झाला असता.

होज काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून एक चीर नाही, फुगवटा नाही. आत मात्र अस्तर सुजलेलं आणि एका ठिकाणी सुटून पडद्यासारखं लोंबणारं. पाय जोर लावतो तेव्हा ऑइल हा पडदा ढकलून पुढे जातं. परत येताना मागे ढकलणारं असं काहीच नसतं.

हे नीट कळायला कॅलिपरची रचना पाहावी लागते. ड्रम ब्रेकमध्ये आतून ड्रमला घासणारे शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील तेवढं असतं. दाबताना ते पिस्टनबरोबर किंचित मुरडतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरचा छोटासा अंश मागे घेतं. एवढ्यावर सगळा कारभार. लाइनमध्ये जरासा दाब अडकला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल मां शर्यत (फ्रान्समधली, चोवीस तासांची) डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, त्यानंतर स्पोर्ट्स कारमध्ये डिस्क हळूहळू रूढ झाली. ती डिस्क इतक्या अल्प मोकळिकीवर फिरते, हे मला अजून नवलाचं वाटतं.

अशा वेळी बहुतेक जण नवा कॅलिपर घेऊन मोकळे होतात, कारण तापलेला तोच दिसतो. माझा कॅलिपर उघडला तर पिस्टन हाताने सरकत होता, क्रोमवर एकही खड्डा नव्हता. धुळीचं बूट मात्र फाटलं होतं, म्हणून सीलचा संच बदलला. लावताना फक्त रबर ग्रीस. साध्या ग्रीसने ही सीलं फुगतात. आणि जुन्या गाडीतली ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ओलं करूनच पुसायचं.

रविवार

होज दोन्ही बाजूंचे बदलले. उजवा चांगला वाटला तरी वय तेच. होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर, नळीच्या नटांना जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर पाना, नाहीतर कडा गोल होतात.

टाकीतून निघालेलं ऑइल काळ्या चहाच्या रंगाचं होतं. ही गाडी वर्षातले बरेच महिने झाकून ठेवलेली असते. झाकलेल्या गाडीच्या बॅटरीला चार्जर लावतात, टायरमध्ये हवा भरून ठेवतात, पण ब्रेक ऑइलची आठवण कोणाला होत नाही. ते ग्लायकॉलचं असल्याने हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी चालली काय नि उभी राहिली काय. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश हवा, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५. डिस्क अशी तापत राहिली असती तर एखाद्या लांब उतारावर ऑइलच उकळलं असतं, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट तळाला. ज्याने सिलिकॉनच्या ऑइलला डॉट ५ आणि ग्लायकॉलच्याला डॉट ५.१ असे नंबर दिले, त्याला एकदा भेटायचं आहे. दोन्ही एकत्र चालत नाहीत, नावं मात्र सख्ख्या भावांसारखी.

लाइनमधली हवा काढताना पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये सील रोज जिथवर जातात, त्यापुढचा भाग गंजलेला असू शकतो. पेडल तळापर्यंत मारलं की सील त्या खरबरीत भागावर घासून फाटतात, आणि धडधाकट सिलेंडर गळायला लागतो.

पुढचा शनिवार

चालवून आलो. ओढ दोन्हीकडची गेली. जोरात असताना ब्रेक लावला की पेडलमध्ये थरथर येते, ती नवी. याला सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेकदा तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. डावीवर निळसर डाग आहेतच. जाडी मायक्रोमीटरने मोजली, डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरीच वर आहे. डिस्क ज्यावर बसते त्या हबचा गंज घासून काढून डिस्कची डुगडुग मोजणारा डायल गेज पुन्हा लावला, तर काटा आधीपेक्षा निम्माही हलला नाही. आता डिस्क खरकागदाने घासून नवे पॅड घातले आहेत, आणि मोकळ्या रस्त्यावर पूर्ण न थांबता वेग कमी करत, मध्ये गार होऊ देत ते डिस्कशी जुळवतोय.

दोन्ही डिस्कच्या तापमानातला फरक आज पाचेक अंशांचा. हँडब्रेक मात्र फार वर येतो. मागचे कॅलिपर पुढच्या सुट्टीत.